हत्तीपायाची गोळी अन् ब्लड कॅन्सरचं औषध, माणूस एकच

हत्तीरोग मोहिमेत आशाताई दारात येतात आणि समोर उभं राहून गोळ्या गिळायला लावतात, हे विदर्भातल्या मंडळींना सांगायला नको. त्यातली डीईसी गोळी ज्यांच्या हाताखाली तयार झाली, त्याच डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ब्लड कॅन्सरलाही पहिल्यांदा मागे रेटणारं औषध बनवलं.

जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातलं भीमावरम. मॅट्रिकला दोनदा नापास. पुढे मद्रासला डॉक्टरकी शिकले, खर्च सासऱ्यांनी केला. गांधीजींचं ऐकून ऑपरेशनलाही खादीचा झगा घातला. इंग्रज प्राध्यापकाला ते झोंबलं आणि पदवी खालच्या दर्जाची मिळाली.

१९२३ ला बोस्टन गाठलं. पोटासाठी दवाखान्यात रात्री रुग्णांची भांडी साफ केली. इकडे घरी मुलगा झाला, तो तान्हेपणीच गेला. बापाने त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. हार्वर्डमध्ये मोठं संशोधन केलं, पण कायमची जागा काही मिळाली नाही. मग १९४० मध्ये लेडर्ली कंपनीत गेले.

तेव्हा कॅन्सरवर मुख्य इलाज दोनच होते, गाठ कापा नाहीतर किरणं द्या. पण ब्लड कॅन्सर रक्तातच, कापणार काय? लहान मुलं काही आठवड्यांत जायची. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं (आपल्या गरोदर बायकांना लोहाच्या गोळीत मिळतं, तेच). आजार उलट भडकला! म्हणजे कॅन्सरच्या पेशींना हेच खाद्य लागत होतं. मग सुब्बाराव यांच्या लोकांनी हुबेहूब दिसणारं, पण कामाला न येणारं नकली फॉलिक बनवलं. नाव ॲमिनोप्टेरिन. पेशी फसल्या, वाढ थांबली. १६ पैकी १० मुलं सुधारली. आजार काही महिन्यांत परतला, हेही खरं.

हा अहवाल जून १९४८ मध्ये छापून आला. ऑगस्टमध्ये सुब्बाराव झोपेतच गेले, वय ५३. भारतात ते कधी परतलेच नाहीत.

त्याच औषधाचं भावंडं मेथोट्रेक्सेट. १९५६ मध्ये त्याने वारेच्या पेशींचा एक दुर्मीळ कॅन्सर पार बरा केला. मुलांच्या ब्लड कॅन्सरवर ते आजही इतर औषधांसोबत देतात. संधिवातावरही हीच गोळी असते, पण आठवड्यातून एकदाच! कुणी चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. घरात कुणाला चालू असेल, तर चिठ्ठी एकदा नीट वाचून घ्या.