विष्णु वासुदेव नारळीकर: कोल्हापूरचे गणिती

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म 1908 साली कोल्हापुरात झाला. उच्च गणिताचे शिक्षण त्यांनी केंब्रिजमध्ये घेतले. परदेशी राहण्याचा मोह टाळून, पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणास मान देत, 1932 साली ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख झाले. वय जेमतेम चोवीस! आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे जाणकार तेव्हा देशात मोजकेच होते.

1942 साली प्रह्लाद चुनीलाल वैद्य नावाचा गुजराती तरुण त्यांच्याकडे शिकण्यास आला. ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे श्वार्त्सशिल्ड यांनी मांडलेले गणित ताऱ्याबाहेरचे अवकाश रिक्त धरते. तळपत्या ताऱ्यातून तर प्रकाश अखंड वाहत असतो आणि त्यासोबत ताऱ्याचे वस्तुमानही घटत जाते. मग त्याचे गणित कसे मांडावे? नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली वैद्यांनी 1943 साली याचे उत्तर शोधले. आज ते शिष्याच्याच नावाने ओळखले जाते; गुरूचे मोठेपण आम्हांस येथेच अधिक जाणवते.

पुढे 1963 साली क्वेसारांची ओळख पटली. अफाट ऊर्जा ओतणाऱ्या त्या दूरस्थ ज्योतींमुळे वैद्यांच्या उत्तराकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष गेले. नारळीकरांचे पुत्र जयंत यांनीही क्वेसारांवर संशोधन केले. 1991 साली नारळीकर कालवश झाले.