मंगळसूत्र मोडलं, पण बोर्डिंगची चूल विझू दिली नाही

कॉलेजात नाव लागलं म्हणजे झालं, असं नसतं. फीचं कसंतरी जमतं. पण खोलीभाडं, मेस आणि एसटीचा पास? गरिबाघरचं पोरगं शाळा सोडतं ते इथंच. ही गोष्ट कर्मवीर भाऊराव पाटलांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखली होती.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. घराणं जैन, वडील महसूल खात्यात कारकून. कोल्हापुरात शिकताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असं सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला आणि राहतं बोर्डिंग सोडावं लागलं. शिक्षण मॅट्रिकच्याही पुढं गेलं नाही. पुढं शिकवण्या, विमा, किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री असं बरंच काही केलं. नांगर विकत गावोगाव फिरताना खेड्यातली पोरं कुठं अडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असणार.

ऐतवड्याच्या शाळेत वर्गाबाहेर बसवलेला एक दलित मुलगा त्यांनी उचलला आणि कोल्हापूरला शिकायला नेला, असं सांगतात. ते ज्ञानदेव घोलप पुढं मुंबईच्या कायदेमंडळात सभासद झाले.

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग निघालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंगतीला. स्वयंपाकही त्यांनीच करायचा. त्या काळी हे सोपं नव्हतं, गावकीनं तोंडं फिरवली होती.

आणि पैसा? तो कायम कमीच. इथं लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. संस्थेचा वटवृक्ष मोठा झालेला त्यांना बघायला मिळाला नाही. भाऊरावांचे पुतळे गावोगाव आहेत, या माउलीचं नाव मात्र कमीच निघतं.

भाऊरावांना पोरांना फुकट पोसायचं नव्हतं. शेतात राबा, विहीर खणा, बांधकामावर दगड उचला, त्यातून स्वतःचं शिक्षण भागवा. हीच ‘कमवा आणि शिका’ योजना. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेव्हा ती कॉलेजातही आणली. १९५४ ला कराडला गाडगे महाराजांच्या नावानं दुसरं कॉलेज.

शिकलेल्या पोराला ते वाऱ्यावरही सोडत नसत. बोर्डिंगातले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. मुंबईत वकिली केली असती तर पैसाच पैसा होता. पण ते साताऱ्याला परतले, त्याच कॉलेजात प्राचार्य झाले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. असे कितीतरी विद्यार्थी संस्थेचे आजीव सेवक झाले. म्हणजे पोराला शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली आणि मागच्या पोरांना मास्तर मिळाला.

१९५९ साली पुणे विद्यापीठानं मॅट्रिकही न झालेल्या या माणसाला डी.लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी भाऊराव गेले. ‘कमवा आणि शिका’ आजही अनेक कॉलेजांत चालू आहे. प्रवेश घेताना ऑफिसात तेवढं विचारून घ्या.