पूल पाडला, समीकरणे उरली

विमानाच्या पंखाभोवतीची हवा असो की धमन्यांतून वाहणारे रक्त, प्रवाहाचे गणित ज्या समीकरणांनी मांडले जाते, त्यांना नेव्हिए-स्टोक्स समीकरणे म्हणतात. त्यातील पहिले नाव एका पूलबांधणी करणाऱ्या फ्रेंच अभियंत्याचे आहे. क्लॉद-लुई नेव्हिए हे त्यांचे नाव.

१० फेब्रुवारी १७८५ रोजी दिजाँ येथे त्यांचा जन्म झाला. वडील वकील होते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ मध्ये त्यांचे निधन झाले. आई माहेरगावी परतली आणि आठ वर्षांचा क्लॉद पॅरिसमध्ये नात्याने आजोबा लागणाऱ्या एमिलां गोते यांच्याकडे राहिला. गोते हे नामवंत स्थापत्य अभियंते. त्यांच्याच आग्रहावरून नेव्हिए १८०२ मध्ये एकोल पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाले. प्रवेश जेमतेम मिळाला; पण वर्षभरात ते पहिल्या दहांत आले. गणितज्ञ फूरिये तेथे त्यांचे गुरू होते आणि पुढे स्नेहीही झाले.

ऑयलर यांनी अठराव्या शतकात द्रवाच्या गतीची समीकरणे मांडली होती, मात्र त्यांत द्रवाच्या अंतर्गत घर्षणाला स्थान नव्हते. १८२२ मध्ये नेव्हिए यांनी ती उणीव भरून काढली. रेणूंमधील आकर्षण-प्रतिकर्षणाचा त्यांनी घेतलेला आधार पुढे टिकला नाही. समीकरणे मात्र अचूक ठरली. १८४५ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी ती अधिक भक्कम पायावर उभी केली.

१८२४ मध्ये नेव्हिए फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. त्याच सुमारास सीन नदीवर त्यांच्या आराखड्यानुसार दीडशे मीटरहून अधिक लांबीचा झुलता पूल उभा राहू लागला. १८२६ मध्ये काम पूर्णत्वास येत असतानाच साखळ्या धरून ठेवणारा आधार सरकला. त्यातच जवळची जलवाहिनी फुटली आणि जमीन भिजली. दोष दुरुस्त होण्याजोगा होता. तरीही पूल उतरवण्यात आला. गणितावर भिस्त ठेवणाऱ्या अभियंत्याला हा जिव्हारी लागणारा घाव होता. तरीही १८३१ मध्ये, देश सोडून गेलेल्या कोशी यांच्या जागी, एकोल पॉलिटेक्निकचे प्राध्यापकपद त्यांच्याकडे आले. २१ ऑगस्ट १८३६ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.

समीकरणांचे कोडे मात्र सुटलेले नाही. सुरळीत सुरू झालेला त्रिमितीय प्रवाह कायम सुरळीतच राहतो, की एखाद्या क्षणी त्याचा वेग अनंत होऊन गणितच कोलमडते? द्विमितीय प्रवाहापुरते उत्तर मिळाले आहे. १९३४ मध्ये ज्याँ लरे यांनी त्रिमितीय प्रवाहासाठी एका शिथिल अर्थाने उत्तरे अस्तित्वात असल्याचे सिद्ध केले. पण ती एकमेव आणि सुरळीत असतात का, हे ठरले नाही. २००० मध्ये अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने सात प्रश्नांसाठी प्रत्येकी दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. त्यांपैकी एक प्रश्न नेव्हिए यांच्या समीकरणांचा आहे आणि त्याचे पारितोषिक अद्याप कोणालाही मिळालेले नाही.