न्यायालयाचे दार आणि डॉ. रखमाबाई

सासर बारामतीचे आणि माहेर इंदापूरचे अशी एखादी विवाहिता संसार तुटल्यावर माहेरी येऊन राहिली, तर घटस्फोटाचा किंवा विवाह शून्य ठरविण्याचा अर्ज तिला आज इंदापूरवर अधिकार असलेल्या न्यायालयात करता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ साली ही तरतूद आली. त्यापूर्वी सामान्यतः लग्न जेथे झाले, दोघे अखेरचे एकत्र जेथे नांदले किंवा पती जेथे राहतो, तेथेच तिला जावे लागे.

रखमाबाईंच्या तरुणपणी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. काही जातींतील रूढीचा काडीमोड सोडला, तर हिंदू पत्नीला विवाहातून सोडवील असे न्यायालयच नव्हते. १८६९ चा घटस्फोट कायदा ख्रिस्ती विवाहांपुरता होता. पतीला मात्र न्यायालय मोकळे होते.

मुंबईत १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावण्यात आले. त्या सासरी नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून शिकल्या. १८८४ साली दादाजींनी पत्नीचा ताबा मागणारा दावा मुंबई उच्च न्यायालयात दाखल केला. जे सहजीवन सुरूच झाले नाही ते पूर्ववत कसे करावयाचे, अशी भूमिका घेऊन न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलात निकाल फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास, असा आदेश दिला. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला, अशी कथा अजूनही सांगितली जाते. प्रत्यक्षात १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. दादाजींनी हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. विवाह कोणी मोडला नाही. दादाजी पुढे स्वतंत्रपणे संसाराला लागू शकत होते, कारण पुरुषाला दुसरे लग्न करण्याची मुभा होती. रखमाबाईंना ती नव्हती.

त्या १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. पुनर्विवाह त्यांनी केला नाही.

मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ साली. देशभरचा हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, वयाच्या नव्वदीत, रखमाबाईंचे निधन झाले.