बेंद्रे मास्तरांची बारा वर्षे

द. रा. बेंद्रे यांच्या कवितेविषयी लिहिण्याचा अधिकार माझा नाही. ते काम या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनी करावे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. कोणाचेही चरित्र हाती आले की माझी नजर आधी सनावळीकडे जाते. शिवाय आपण प्राध्यापक व्हावे असे माझ्या मनात आहे आणि घरी त्याला फारसा पाठिंबा नाही. नेट-सेट उत्तीर्ण झालेली माणसे अतिथी प्राध्यापक म्हणून वर्षावर्षाच्या बोलीवर राबतात, हे वडिलांनी पाहिले आहे. त्यामुळे वरकवी म्हणून गाजलेल्या बेंद्र्यांच्या चरित्रात मला कवीच्या आधी दिसला तो नोकरीच्या शोधात असलेला एक पदवीधर.

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडला झाला. घरची भाषा मराठी, गल्लीतली कन्नड. आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. भाकरी मराठीत मागायची आणि बाजार कन्नडमध्ये करायचा, ही आपलीही रीत आहे. वडील लहानपणीच वारले. आईचे नाव अंबिका. पुढे ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने कविता लिहिताना त्यांनी आपल्या नावाआधी आईचे नाव लावले. १९१३ साली मॅट्रिक झाल्यावर काकांच्या आधाराने ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९१८ साली बी. ए. होऊन धारवाडला परतले आणि व्हिक्टोरिया हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. दुसऱ्या वर्षी लग्न झाले. येथवर सारे सरळ आहे.

१९२२ च्या सुमारास त्यांच्याभोवती ‘गेळेयर गुंपु’ म्हणजे मित्रांचा मेळा जमला. बेटगेरी कृष्णशर्मा, शं. बा. जोशी, रं. श्री. मुगळी, विनायक कृष्ण गोकाक अशी पुढे नावारूपाला आलेली मंडळी त्यात होती. कविता वाचायच्या, वाद घालायचे, गावोगाव जाऊन ऐकवायच्या. नवरात्रात ‘नाडहब्ब’ म्हणजे देशोत्सव साजरा करण्याची प्रथाही बेंद्र्यांनी याच काळात सुरू केली. हजेरीपट नाही, परीक्षा नाही, फी तर नाहीच. आणि शिकवणारा हायस्कूलचा मास्तर. धारवाडात ते ‘बेंद्रे मास्तर’च राहिले.

१९३२ साल उजाडले. ‘गरि’ हा त्यांचा कवितासंग्रह त्याच वर्षीचा. ‘नरबलि’ या त्यांच्या कवितेत सरकारला राजद्रोह दिसला. बेंद्र्यांना शिक्षा झाली आणि त्यांना आपल्या बेळगावजवळच्या हिंडलगा तुरुंगात ठेवले. तेथून सुटल्यावर धारवाडजवळच्या मुगद गावी स्थानबद्ध केले. कविता एक, पण तिची किंमत वर्षानुवर्षे द्यावी लागली. राजद्रोहाचा शिक्का बसलेल्या मास्तरला कायमची नोकरी कोण देणार? घरात बायको-मुले. त्यांच्या नऊ मुलांपैकी सहा त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अशाच एका मरणाच्या वेळी पत्नीच्या नजरेला नजर देता न येणाऱ्या बापाची त्यांची कविता कन्नड वाचकांना ठाऊक आहे. मी ती वाचली आणि त्या दिवशी दुसरे काही वाचले नाही.

या दिवसांत बेंद्र्यांनी काय केले? ते एम. ए. ला बसले. १९३५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनी मिळवली. तुरुंगवासाची हकीकत सगळे सांगतात, पण मला विचाराल तर खरे धैर्य या परीक्षेला लागले असेल. नाव झालेले, संग्रह निघालेले, हाताखाली तरुण कवी वाढलेले; अशा माणसाने क्रमांक घालून बाकावर बसायचे आणि कोणीतरी आपली उत्तरपत्रिका तपासेल म्हणून वाट पाहायची! प्रतिभेला पदवी कशाला, असे म्हणणे सोपे आहे. महाविद्यालयात शिकवायचे तर एम. ए. हवे होते आणि बेंद्र्यांना शिकवायचे होते.

तरीही दार उघडले नाही. त्यांच्या मेळ्यातले गोकाक ऑक्सफर्डला जाऊन आले आणि तिशीच्या आसपास सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. गुरू मात्र अजून कायमच्या जागेविना होते. १९३७ साली ‘सखीगीत’ हे आपल्याच संसाराचे काव्य आले, पुढे कालिदासाच्या ‘मेघदूता’चा कन्नड अनुवाद आला. १९४३ साली शिमोग्याच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद बेंद्र्यांना मिळाले. भाषेने दिलेला सर्वांत मोठा मान आधी आला आणि महाविद्यालयातली कन्नडच्या प्राध्यापकाची जागा त्यानंतर, १९४४ साली! बी. ए. होऊन तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती आणि वय होते अठ्ठेचाळीस.

ती जागाही धारवाडात नव्हती. सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात होती. सोलापूर गिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. मराठी मोठ्या संख्येने, पण कन्नड आणि तेलुगू घरेही पिढ्यान्‌पिढ्यांची. मराठी घरात जन्मलेला माणूस मराठीबहुल शहरात कन्नड शिकवतो, हे चित्र मला फार आवडते. आपल्याकडे भाषेचा प्रश्न निघाला की आवाज चढतात. बेंद्रे काही तटस्थ नव्हते. ते कर्नाटक एकीकरणाच्या बाजूचे होते आणि हे आपण मराठी वाचकांनी लपवू नये. पण त्यासाठी त्यांनी घरची भाषा टाकली नाही. मराठीतही त्यांनी लिहिले आणि १९६५ साली ‘संवाद’ या त्यांच्या मराठी पुस्तकाला केळकर पारितोषिक मिळाले.

सोलापुरात ते १९५६ पर्यंत होते. बारा वर्षे, बस्स. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना होऊन सोलापूर एकीकडे आणि धारवाड दुसरीकडे गेले. बेंद्रे धारवाडला परतले, आकाशवाणीच्या केंद्राचे सल्लागार झाले आणि साधनकेरीच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना पुन्हा शिकवू लागले. उतारवयात त्यांना आकड्यांचे वेड लागले होते, विशेषतः ४४१ या संख्येचे. एकवीसचा वर्ग म्हणून आम्ही तो पाठ करतो; बेंद्र्यांना त्यात सृष्टीची रचना दिसे. ते मला काही केल्या कळत नाही, पण साहित्याच्या प्राध्यापकाने आमच्या प्रांतात येऊन असा धुडगूस घालावा, याची गंमत वाटते.

मानसन्मान मग एकामागून एक आले. १९५८ साली ‘अरळु मरळु’साठी साहित्य अकादमी, १९६८ साली पद्मश्री, आणि ‘नाकु तंति’साठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार, तो ओडिया कादंबरीकार गोपीनाथ महांती यांच्याबरोबर विभागून. २६ ऑक्टोबर १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. गोकाक तोवर बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरुपदही भूषवून मोकळे झाले होते. १९९० चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. एवढी पदे भूषवलेल्या या माणसाने गुरू मानले होते ते हायस्कूलच्या एका मास्तरांना.