डीट्रिश बोनहोफर

डीट्रिश बोनहोफर (जन्म : ४ फेब्रुवारी १९०६, ब्रेस्लाउ, मृत्यू : ९ एप्रिल १९४५, फ्लोसेनबुर्ग) हे जर्मन ल्युथरन धर्मोपदेशक, धर्मशास्त्रज्ञ आणि नाझी राजवटीचे विरोधक होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवणारे विद्वान, छळाच्या काळात गुप्तपणे पाळक घडवणारे आचार्य आणि हिटलरविरोधी कटात सामील झाल्याने फाशी गेलेले हुतात्मा अशा तीन नात्यांनी ते ओळखले जातात. त्यांच्या चरित्रात विद्याभ्यास, मैत्री आणि ख्रिस्ती श्रद्धा या तीन गोष्टी वेगवेगळ्या काढता येत नाहीत. माणूस एकटा राहून पूर्ण होत नाही आणि ख्रिस्तही विश्वासणाऱ्यांच्या परस्परसंबंधांतच भेटतो, हा विचार त्यांनी विद्यार्थी असताना प्रबंधात मांडला. पुढील आयुष्यात त्याची कसोटी प्रामुख्याने त्यांच्या मित्रांच्या सहवासात लागली.

जन्म व कुटुंब

बोनहोफर यांचा जन्म तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथे झाला. जुळी बहीण साबीने हिच्यासह ते आठ भावंडांपैकी होते. वडील कार्ल बोनहोफर हे नामांकित मनोविकारतज्ज्ञ होते. १९१२ साली त्यांची बर्लिन विद्यापीठात नेमणूक झाली आणि कुटुंब बर्लिनला आले. आई पाउला यांनी शिक्षिकेची पात्रता मिळवलेली होती. मुलांचे आरंभीचे शिक्षण त्यांनी घरीच केले.

घरात विज्ञान, कायदा आणि संगीत यांचे वातावरण होते. चर्चला नियमित जाण्याची प्रथा मात्र नव्हती. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, मोठा भाऊ वाल्टर मृत्युमुखी पडला. आईच्या दुःखाचा बालवयातील बोनहोफर यांच्या मनावर खोल परिणाम झाला. उत्तम पियानोवादक असलेला हा मुलगा संगीताकडे वळेल असे घरच्यांना वाटत होते. त्याने किशोरवयातच धर्मशास्त्राचा अभ्यास करण्याचा निश्चय जाहीर केला, तेव्हा मोठ्या भावांना आश्चर्य वाटले.

विद्यापीठीय शिक्षण

१९२३ साली बोनहोफर यांनी ट्यूबिंगन विद्यापीठात प्रवेश घेतला. १९२४ मध्ये ते भाऊ क्लाउस याच्यासह रोमला गेले. तेथे नाना देशांचे लोक एकाच उपासनेत सहभागी झालेले पाहून चर्च म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांच्या मनात रुजला. त्याच वर्षी ते बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. तेथे आडोल्फ फोन हारनाक हे थोर इतिहासकार त्यांचे गुरू होते. कार्ल बार्थ यांच्या ग्रंथांनीही ते भारावून गेले होते. परंतु बार्थ यांची मते बर्लिनच्या प्राध्यापकांना मान्य नव्हती. दोन्ही बाजूंचे ऋण मान्य करून त्यांनी स्वतंत्र वाट शोधली.

राइनहोल्ड झेबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला ‘सांक्टोरुम कम्युनिओ’ (पवित्र जनांची सहभागिता) हा प्रबंध १९२७ साली सर्वोच्च श्रेणीत मान्य झाला. चर्च ही केवळ संस्था नव्हे, तर ख्रिस्ताच्या अस्तित्वाचे सामाजिक रूप आहे, असे त्यात प्रतिपादन केले आहे. प्रबंधाचे काम चालू असतानाच बोनहोफर ग्रुनेवाल्ड येथील चर्चमध्ये मुलांचा रविवारचा वर्ग घेत. त्यासाठी ते बारकाईने तयारी करीत आणि मुलांना घरीही बोलावत. वयाने मोठ्या झालेल्या मुलांसाठी त्यांनी दर गुरुवारी एक चर्चामंडळ सुरू केले.

याच विद्यार्थिदशेत त्यांची फ्रान्झ हिल्डेब्रान्ट यांच्याशी मैत्री जुळली. हिल्डेब्रान्ट यांची आई ज्यू वंशाची होती. दोघांमध्ये धर्मशास्त्रीय वाद सतत चालत. मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. बार्सिलोना येथील जर्मन मंडळीत एक वर्ष साहाय्यक पाळक म्हणून काम केल्यावर बोनहोफर यांनी ‘कृती आणि अस्तित्व’ हा दुसरा प्रबंध लिहिला आणि १९३० साली त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला.

न्यूयॉर्कमधील वर्ष (१९३०–३१)

पाळकपदाच्या दीक्षेसाठी २५ वर्षे वय पूर्ण असणे आवश्यक होते. तोवर बोनहोफर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत गेले. तेथील धर्मशास्त्राचे शिक्षण त्यांना उथळ वाटले. ज्या गोष्टींनी त्यांच्यात बदल घडवला, त्या वर्गाबाहेर आणि चार सहाध्यायांच्या सहवासात घडल्या.

त्यांपैकी झाँ लासेर हे फ्रेंच होते. ज्या युद्धात बोनहोफर यांचा भाऊ मरण पावला, त्यात फ्रान्स शत्रुपक्षात होता. दोघांनी मिळून पहिल्या महायुद्धावरील एक चित्रपट पाहिला. पडद्यावर फ्रेंच सैनिक पडू लागले, तेव्हा प्रेक्षक हसत होते. व्यथित झालेल्या लासेर यांना बोनहोफर यांनी धीर दिला, अशी आठवण लासेर यांनी पुढे सांगितली. येशूचे डोंगरावरील प्रवचन हा केवळ आदर्श नसून पाळण्याची आज्ञा आहे, ही लासेर यांची श्रद्धा बोनहोफर यांना अंतर्मुख करून गेली.

दुसरे मित्र आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थी फ्रँक फिशर हे होते. त्यांच्यामुळे बोनहोफर हार्लेममधील अबिसीनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊ लागले आणि तेथे मुलांना शिकवू लागले. एका उपाहारगृहात फिशर यांना वर्णावरून समान वागणूक नाकारण्यात आली, तेव्हा बोनहोफर निषेध म्हणून तेथून उठून गेले. वंशभेदाचा हा अनुभव आणि कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिका घेऊन ते जर्मनीस परतले. एर्विन झुट्स हे स्विस आणि पॉल लेमन हे अमेरिकन सहाध्यायीही त्यांचे जवळचे स्नेही बनले.

प्राध्यापक व पाळक

१९३१ साली बोनहोफर बर्लिन विद्यापीठात अध्यापन करू लागले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. याच सुमारास वेडिंग या कामगारवस्तीतील सुमारे पन्नास दांडग्या मुलांचा दृढीकरणाचा वर्ग त्यांच्याकडे सोपवण्यात आला. त्यांनी त्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली आणि संध्याकाळी मुलांना आपले दार खुले ठेवले. पूर्वी बायबल हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या काळात ते रोज प्रार्थनापूर्वक वाचण्याची सवय त्यांनी लावून घेतली.

नाझी राजवट आणि चर्चमधील संघर्ष

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या पाळकांना पदावरून दूर करण्याच्या नियमाला बोनहोफर यांनी आरंभापासून विरोध केला. चर्चने अन्यायाच्या बळींची सेवा तर करावीच, पण प्रसंगी अन्यायाचे चाकच रोखावे, असा विचार त्यांनी त्याच वर्षी मांडला. हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक नव्हता. हिल्डेब्रान्ट यांच्यावर त्याचा थेट परिणाम होणार होता. साबीनेचे पती गेरहार्ड लाइबहोल्ट्स हेही ज्यू वंशाचे होते.

तथापि बोनहोफर प्रत्येक वेळी धैर्याने वागले असे नाही. एप्रिल १९३३ मध्ये लाइबहोल्ट्स यांच्या वडिलांचे निधन झाले. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. वरिष्ठांच्या सल्ल्यावरून बोनहोफर यांनी अंत्यविधी चालवण्यास नकार दिला. पुढे त्यांना याची लाज वाटली आणि बहीण-मेहुण्याची त्यांनी क्षमा मागितली.

ऑक्टोबर १९३३ मध्ये ते लंडनमधील जर्मन मंडळ्यांचे पाळक म्हणून गेले. ऐन संघर्षात देश सोडल्याबद्दल बार्थ यांनी त्यांची कानउघाडणी केली. हिल्डेब्रान्ट काही महिने तेथे त्यांच्या घरी राहिले. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांच्याशी झालेली मैत्री पुढे महत्त्वाची ठरली. अहिंसक प्रतिकार शिकण्यासाठी महात्मा गांधींच्या सहवासात राहण्याची बोनहोफर यांची इच्छा होती. गांधीजींनी १९३४ साली पत्राने त्यांना आमंत्रणही दिले. परंतु जर्मनीतून बोलावणे आल्याने हा प्रवास घडला नाही.

फिंकेनवाल्डे

हे बोलावणे नाझी नियंत्रण नाकारणाऱ्या ‘कन्फेसिंग चर्च’चे होते. भावी पाळकांना शिक्षण देण्यासाठी १९३५ साली स्टेटिनजवळच्या फिंकेनवाल्डे येथे विद्यालय स्थापण्यात आले आणि बोनहोफर त्याचे संचालक झाले. पदवी घेऊन आलेल्या तरुणांच्या दिवसाची सुरुवात व शेवट सामुदायिक प्रार्थनेने होई. रोज अर्धा तास एका शास्त्रवचनावर मौन चिंतन करावे लागे. काही विद्यार्थ्यांना ही मठातील शिस्त वाटली आणि त्यांनी कुरकुर केली. अनुपस्थित बंधूविषयी बोलू नये आणि बोलणे झालेच तर ते त्याला जाऊन सांगावे, असा एक नियम होता. व्याख्यानांच्या जोडीला खेळ, भटकंती व संगीतही असे. हार्लेमची भक्तिगीते तेथे ऐकवली जात.

येथेच एबरहार्ड बेथगे हे विद्यार्थी म्हणून आले. खेड्यातील पाळकाचे हे सुपुत्र बोनहोफर यांचे सर्वांत निकटचे मित्र झाले. बोनहोफर त्यांच्यापाशी पापकबुली देत, आपले लेखन त्यांना प्रथम दाखवत. गेस्टापोने १९३७ साली विद्यालय बंद केले. त्याच वर्षी ‘अनुसरण’ हा बोनहोफर यांचा प्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. सप्टेंबर १९३८ मध्ये साबीनेच्या कुटुंबाला देश सोडावा लागला, तेव्हा बोनहोफर व बेथगे काही अंतर त्यांना पोहोचवण्यास गेले. त्यांच्या गटिंगन येथील रिकाम्या घरी बसून बोनहोफर यांनी फिंकेनवाल्डेच्या अनुभवावर आधारित ‘सहजीवन’ हे पुस्तक लिहिले.

१९३९ चा निर्णय

युद्ध जवळ आले होते आणि सक्तीच्या सैन्यभरतीची टांगती तलवार होती. लेमन व राइनहोल्ड नीबूर यांच्या प्रयत्नांनी बोनहोफर यांना अमेरिकेत काम मिळाले आणि जून १९३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. तेथे ते पूर्ण सुरक्षित होते. मात्र मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या विचाराने त्यांना चैन पडेना. संकटात देशबांधवांसोबत न राहिल्यास युद्धानंतर जर्मनीच्या ख्रिस्ती जीवनाच्या पुनर्बांधणीत सहभागी होण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही, असे त्यांनी नीबूर यांना कळवले. लेमन यांनी परोपरीने समजावूनही जुलैमध्ये ते परत निघाले.

प्रतिकार, कारावास व मृत्यू

मेहुणे हान्स फोन डोनान्यी यांच्यामार्फत बोनहोफर लष्करी गुप्तचर खात्यात रुजू झाले. हे खाते हिटलरविरोधी कटाचे एक केंद्र होते. चौदा जणांच्या एका ज्यू गटाला स्वित्झर्लंडला पोहोचवण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. १९४२ साली स्वीडनमध्ये बिशप बेल यांना भेटून त्यांनी कटाची माहिती ब्रिटिश सरकारपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न केला. सरकारने त्याची दखल घेतली नाही. शांततेचा पुरस्कार करणारा धर्मोपदेशक हत्येच्या कटात कसा सामील झाला, यावर अभ्यासकांत आजही चर्चा चालते. आपण यात निर्दोष राहू शकत नाही, दुसऱ्यांसाठी दोष स्वीकारणे हीही जबाबदारीच आहे, अशी त्यांची भूमिका होती.

जानेवारी १९४३ मध्ये मारिया फोन वेडेमायर यांच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला. ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक होऊन बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले. तेथून त्यांनी बेथगे यांना गुप्तपणे अनेक पत्रे पाठवली. प्रौढ झालेल्या जगात ख्रिस्ताचे स्थान काय, हा त्यांचा सर्वांत धाडसी विचार याच पत्रांत आहे. २० जुलै १९४४ चा कट फसल्यावर त्यांचा सहभाग उघड झाला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. भाऊ क्लाउस आणि दोन मेहुणे यांनाही त्याच महिन्यात मृत्युदंड देण्यात आला.

वारसा

बोनहोफर यांचे विचार आज जगाला ज्ञात आहेत, ते मुख्यतः बेथगे यांच्यामुळे. आलेली पत्रे त्यांनी डब्यांत घालून बागेत पुरून ठेवली होती. स्वतःही कारावास भोगून वाचलेल्या बेथगे यांनी बोनहोफर यांचा ‘नीतिशास्त्र’ हा अपूर्ण ग्रंथ १९४९ साली, तुरुंगातील पत्रे १९५१ साली आणि त्यांचे विस्तृत चरित्र १९६७ साली प्रसिद्ध केले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या पश्चिम दरवाजावर १९९८ साली बसवलेल्या विसाव्या शतकातील दहा हुतात्म्यांच्या पुतळ्यांमध्ये बोनहोफर यांचाही पुतळा आहे.