लहान आगगाडीचा मोठा माणूस : फ्रँक हॉर्नबी

आपल्या मॉरिशस बेटावर पहिली आगगाडी १८६४ साली धावली. पोर्ट लुईहून उसाच्या मळ्यांकडे जाणाऱ्या त्या गाडीच्या गोष्टी अनेक घरांत आजी-आजोबांच्या तोंडून ऐकायला मिळत. १९५६ साली प्रवाशांची गाडी बंद झाली, १९६४ साली मालगाडीही थांबली. पुढे ५५ वर्षांनी मेट्रो आली आणि आपल्या मुलांनी पुन्हा रूळ पाहिले.

पण आज ज्या आगगाडीची गोष्ट सांगायची आहे ती टेबलावर मावणारी आहे. जगातल्या असंख्य घरांत मुले आणि त्यांचे वडीलही फळीवर छोटे रूळ मांडतात, सुटे भाग जोडून वाघिणी आणि डबे तयार करतात, स्टेशने उभारतात. या छंदाला घराघरांत नेणाऱ्यांत एक नाव फार मोठे आहे. ते म्हणजे लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी.

फ्रँक यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी, म्हणजे आपली आगगाडी सुरू होण्याच्या आदल्या वर्षी झाला. वडील जॉन हॉर्नबी यांचा खाद्यपदार्थांचा व्यापार होता. मुलगा अभ्यासात फारसा चमकला नाही. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या पेढीवर रोखपालाचे काम करू लागला. यंत्रविद्येचे शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. मात्र सॅम्युएल स्माइल्स यांचे स्वावलंबनावरील प्रसिद्ध पुस्तक त्याच्या वाचनात आले होते. त्यातल्या संशोधकांच्या कथांनी तो भारावून गेला. एकदा चालू केले की कायम चालत राहील असे यंत्र बनवण्याचा खटाटोपही त्याने केला. तसे यंत्र निसर्गनियमांत बसतच नाही, त्यामुळे तो प्रयत्न फसला. हातांना मात्र काम करण्याची सवय लागली.

१८८७ साली त्यांचा विवाह क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी झाला. त्यांना रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. १८९९ साली वडील वारले आणि पेढी बंद करावी लागली. मग हॉर्नबी डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून राहिले. पस्तिशी उलटलेला, दुसऱ्याच्या वह्यांत आकडे लिहिणारा एक संसारी माणूस, एवढीच त्या वेळी त्यांची ओळख होती.

संध्याकाळी घरी आल्यावर ते मुलांसाठी पत्र्याची खेळणी बनवत. पूल, गाडे, माल उचलणारी यारी, असे काहीबाही. पत्रा कापायचा, भोके पाडायची, नट-बोल्टने जोडायचे. पण प्रत्येक खेळण्याचे भाग निराळे. यारी मोडून पूल करायचा म्हटले तर पुन्हा सगळे पहिल्यापासून कापावे लागे.

यावरचा तोडगा त्यांना आगगाडीतच सुचला, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. नाताळच्या आदल्या दिवशी ते लांबच्या प्रवासाला निघाले होते. डब्यात बसून ते खेळण्यातल्या यारीचाच विचार करत होते. खिडकीतून त्यांना मालधक्क्यावर एक छोटी यारी दिसली. त्याच विचारात असताना उलगडा झाला. सगळ्या पट्ट्यांची रुंदी एकच ठेवायची आणि भोके सारख्याच अंतरावर पाडायची. मग कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला बसेल.

त्यांनी पट्टीची रुंदी अर्धा इंच ठेवली आणि दोन भोकांमधले अंतरही अर्धा इंच ठेवले. ऐकायला हे अगदी साधे वाटते. पण या एका नियमाने खेळण्याचा स्वभावच बदलला. आता यारी उकलली की तिच्याच पट्ट्यांचा पूल होई आणि पूल उकलला की गाडा. चूक झाली तरी काही वाया जात नसे. नट सैल करायचा आणि पुन्हा जोडायचे. वर्गात मुलांच्या चुका रोज तपासणाऱ्या आम्हा शिक्षकांना या गोष्टीचे मोल विशेष कळते. ज्या कामात चूक दुरुस्त करता येते त्या कामाला मूल घाबरत नाही.

कल्पना चांगली होती, पण खिसा रिकामा होता. पेटंट घ्यायचे तर पैसे हवेत. हॉर्नबी यांनी मालकाकडेच हात पसरला आणि एलियट यांनी पाच पौंड उसने दिले. जानेवारी १९०१ मध्ये अर्ज गेला आणि त्याच वर्षी पेटंट मिळाले. एलियट पुढे भागीदारही झाले आणि आपल्या कचेरीशेजारची जागा त्यांनी कामाला दिली. यंत्रविद्या सोपी झाली अशा अर्थाचे इंग्रजी नाव देऊन संच बाजारात आला. त्यात सोळा प्रकारचे भाग होते आणि बारा वस्तू कशा बनवाव्यात ते दाखवणारे एक पत्रक होते. किंमत होती साडेसात शिलिंग.

दुकानदारांना तो पटेना. त्या काळी पत्र्याची तयार, रंगीत खेळणी मिळत असत. नट, बोल्ट आणि भोकांच्या पट्ट्या पाहून मुलांचे डोळे कसे चमकणार? तेव्हा लिव्हरपूलमधले अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेनरी हेले-शॉ यांनी या संचाची शिफारस लिहून दिली आणि दुकानांची दारे थोडी उघडली. १९०३ साली सुमारे १५०० संच खपले, तरी नफा काही झाला नाही. नफा दिसायला १९०६ साल उजाडले. म्हणजे पेटंटनंतर पाच वर्षे नोकरी, संसार आणि हे वेड एकत्र सांभाळावे लागले. या पाच वर्षांत त्यांनी हात टेकले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

बाहेरून करून घेतलेले भाग वेळेवर मिळेनात, म्हणून १९०७ साली हॉर्नबी यांनी लिव्हरपूलमध्ये स्वतःचा कारखाना काढला. त्याच वर्षी मेकॅनो हे नाव नोंदवले. १९०८ साली मेकॅनो कंपनी स्थापन झाली, पण एलियट तिच्यात आले नाहीत. १९१४ साली बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. १९१६ पासून मेकॅनोचे मासिक निघू लागले आणि १९१९ पासून मुलांची मंडळे सुरू झाली. देशोदेशींची मुले आपापली बांधकामे करू लागली.

आता आगगाडीकडे वळू. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये खेळण्यातल्या आगगाड्या बहुतांशी जर्मनीहून येत. युद्धाने ती वाट बंद केली. १९२० साली हॉर्नबी यांनी आपली पहिली गाडी बाजारात आणली. इंजिन, त्याचे कोळशाचे टेंडर आणि एक उघडी वाघीण, बस एवढेच. इंजिन चावीवर चाले. रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर होते.

या गाडीची गंमत अशी की ती मेकॅनोसारखीच नट-बोल्टने जोडलेली होती. ती पूर्ण उकलून पुन्हा उभी करता येई. चाक मोडले तर चाक बदलावे, सगळे इंजिन फेकायची गरज नाही. १९२५ साली विजेवर चालणारी हॉर्नबी गाडीही आली. मग स्टेशने, सिग्नल, सांधे आणि नाना तऱ्हेच्या वाघिणी निघाल्या. या रेल्वेसाठी छोटी माणसे आणि मोटारी केल्या, त्यांतूनच १९३४ पासून डिंकी या नावाच्या प्रसिद्ध मोटारी पुढे आल्या. पण खप वाढला तशी घडण बदलली. नट-बोल्ट गेले आणि पत्र्याच्या जिभा खाचेत घालून वाकवलेल्या गाड्या येऊ लागल्या. अशी गाडी स्वस्त पडे आणि दिसेही सुबक, मात्र मुलाला ती उकलता येत नसे. ज्या माणसाने उकलण्याजोगे खेळणे जगाला दिले त्याच्याच नावाची गाडी हळूहळू बंद डबा झाली.

१९३१ साली हॉर्नबी एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून आले आणि १९३५ पर्यंत सभासद होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना हृदयविकार आणि मधुमेह होता.

त्यांच्या मागे दोन वर्षांनी, १९३८ साली, कंपनीने हॉर्नबी डब्लो ही आणखी लहान गाडी आणली. तिचे माप एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाडीचा शहात्तरावा हिस्सा. मुलांनी गणित करून पाहावे. साठ फूट लांबीचा डबा या मापात चोवीस सेंटिमीटरचा होतो. मात्र यात एक खोच आहे. इंग्लंडच्या खऱ्या रुळांमधले अंतर चार फूट साडेआठ इंच. हिशेबाने छोट्या रुळांत ते १८.८ मिलिमीटर यायला हवे, पण ठेवले १६.५ मिलिमीटर. कारण ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक. रुळांच्या मापाने इंजिन केले तर त्यात मोटर मावेना. म्हणून रूळ तेच ठेवून वरचे अंग थोडे मोठे केले. ही तडजोड ब्रिटिश छोट्या गाड्यांत आजही चालू आहे.

१९६४ साली मेकॅनो कंपनी दुसऱ्या उद्योगाने विकत घेतली आणि १९७९ साली बिन्स रोडचा कारखाना बंद पडला. हॉर्नबी हे नाव मात्र छोट्या आगगाड्यांवर आजही झळकते. त्या बहुतेक तयार मिळतात. पेटी उघडा, रुळावर ठेवा, बटण दाबा.

तरीही हॉर्नबी यांचा मूळ विचार संपलेला नाही. सुटे भाग आणून स्वतः वाघीण जोडणारे लोक तो जपतात. भाग कापून काढायचे, कानशीने कडा साफ करायच्या आणि गोंद लावण्याआधी सगळे नुसतेच जुळवून पाहायचे. चौकट काटकोनात आहे ना? काचेवर ठेवली तर चारही चाके टेकतात ना? फुंकर मारली तर ती सहज फिरतात ना? वाघीण फार हलकी असेल तर तळाशी वजन बसवायचे, नाहीतर ती रुळांवरून उडते. फळी समतल हवी, रुळांचे सांधे गुळगुळीत हवेत आणि वळण बेताचे हवे. यातली एक गोष्ट चुकली तरी पहिल्याच फेरीत गाडी घसरते. मग शांतपणे उचलायची, दोष शोधायचा आणि पुन्हा चालवायची.

दिवसभर दुसऱ्याचे हिशेब लिहून रात्री मुलांसाठी पत्रा कापणाऱ्या त्या माणसाने नेमके हेच केले होते. शाळेने त्यांना हुशार ठरवले नव्हते. पदवी नव्हती, भांडवल नव्हते. होते ते पाच पौंडांचे कर्ज, अर्ध्या इंचाचा एक नियम आणि पाच वर्षांचा धीर. आपल्या घरात एखादे मूल वही बाजूला सारून जुने घड्याळ उकलत बसले असेल तर लगेच रागावू नका. पुन्हा जोडायला मात्र अवश्य सांगा.